चेंगराचेंगरी : एका अचूक मराठी शब्दाविषयी

३ जून २०२५ च्या रात्री अहमदाबादेत रॉयल चॅलेंजर्स बेंगळुरूने पंजाब किंग्जला सहा धावांनी हरवले आणि अठराव्या हंगामात प्रथमच आयपीएलचा चषक जिंकला. विराट कोहलीच्या पाठीवरचा क्रमांकही अठराच. बेंगळुरूत त्या रात्री फटाके थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी चिन्नास्वामी मैदानाच्या दारांपाशी ११ माणसे मेली आणि पन्नासहून अधिक जखमी झाली. मृतांत बहुतेक विद्यार्थी आणि नोकरीला नुकतेच लागलेले तरुण होते. एक शाळकरी मुलगीही होती. मैदानाची क्षमता सुमारे ३५ हजार आहे. परिसरात दोन-तीन लाख लोक आले होते, असे मुख्यमंत्र्यांनी त्याच संध्याकाळी सांगितले.

दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत या घटनेला निरनिराळ्या भाषांत निरनिराळी नावे मिळाली. इंग्रजी पत्रांनी ‘स्टँपीड’ लिहिले. हा मूळचा बिथरून उधळलेल्या गुरांच्या कळपासाठीचा शब्द. हिंदीने ‘भगदड’ म्हटले, म्हणजे पळापळ. कन्नडमध्ये ‘काल्तुळित’ हा शब्द रूढ आहे, म्हणजे पायांखाली तुडवले जाणे. मराठीने नेहमीप्रमाणे ‘चेंगराचेंगरी’ असे लिहिले. या चार शब्दांत केवळ भाषेचा फरक नाही. प्रत्येक शब्द मृत्यूचे एक कारण गृहीत धरतो, आणि त्यांपैकी भौतिकशास्त्राच्या कसोटीला बहुतेक वेळा एकच उतरतो.

पळण्यासाठी जागा लागते. ज्या गर्दीत माणसे मरतात, त्या गर्दीत पळण्याइतकी जागा मुळातच नसते. तुडवले जाण्यासाठी खाली पडावे लागते, आणि अशा गर्दीत अनेकांना पडण्यापुरतीही जागा मिळत नाही. या विषयाच्या अभ्यासकांनी वर्षानुवर्षे नोंदवलेले मृत्यूचे मुख्य कारण म्हणजे छातीवरील दाबामुळे थांबलेला श्वास. श्वास घेताना बरगड्यांना काही सेंटीमीटर बाहेर यावे लागते. चहूबाजूंच्या शरीरांनी तेवढी जागा नाकारली की उभ्या-उभ्याच प्राणवायू संपतो. अमेरिकन अभियंते जॉन फ्रुइन यांनी गर्दीच्या दुर्घटनांचा अभ्यास करताना वाकलेल्या लोखंडी कठड्यांकडे लक्ष वेधले होते. ते वाकण्यासाठी ४५०० न्यूटनहून अधिक बल लागते. म्हणजे साधारण साडेचारशे किलोग्रॅम वजनाचा भार. हे बल कोणा एका धटिंगणाचे नसते. मागच्या प्रत्येकाने थोडासाच दिलेला रेटा शरीरामागून शरीरात बेरजेने पुढे जातो आणि कठड्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या छातीवर एकवटतो. म्हणून ‘चेंगरणे’ हे क्रियापद येथे अचूक आहे, आणि त्यातील द्विरुक्तीही. चेंगरणारा आणि चेंगरला जाणारा असे दोन वेगळे पक्ष येथे नसतात.

गर्दी धोक्याची केव्हा होते, याचे उत्तर बऱ्याच अंशी एका संख्येत देता येते. ती संख्या म्हणजे घनता : एका चौरस मीटरवर उभी असलेली माणसे. एक चौरस मीटर म्हणजे स्पर्धेतील कॅरमबोर्डाहून किंचित मोठी जागा. तेवढ्या जागेत दोन माणसे असतील तर प्रत्येक जण आपल्या मर्जीने चालू शकतो. चार झाली की पावले अडखळतात, खांद्याला खांदा लागतो. सहा-सात झाली की माणूस स्वतःच्या पायांचा मालक राहत नाही. येथवर गर्दी हा व्यक्तींचा समूह असतो. येथून पुढे ती एक दाट प्रवाही वस्तू होते. तिच्यात लाटा उठतात आणि त्या लाटा माणसांना उचलून काही मीटर दूर नेतात. कोणाच्या इच्छेचा, स्वभावाचा किंवा संस्काराचा त्या लाटांशी काहीही संबंध उरत नाही.

हे केवळ रूपक नाही. बेंगळुरूच्या घटनेच्या चारच महिने आधी, ५ फेब्रुवारी २०२५ रोजी, ‘नेचर’ या नियतकालिकात फ्रान्समधील ल्यों येथील दनी बार्तोलो यांच्या गटाचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. स्पेनमधील पांप्लोना शहरात दरवर्षी ६ जुलैला दुपारी बारा वाजता सान फेर्मिन उत्सवाचा प्रारंभ होतो आणि नगरपालिकेसमोरच्या छोट्या चौकात हजारो लोक दाटीवाटीने उभे राहतात. या गटाने चौकाभोवतीच्या सज्ज्यांत कॅमेरे लावून अनेक वर्षे ती गर्दी चित्रित केली. चित्रफितींतून प्रत्येक ठिकाणचा वेग मोजल्यावर एक विलक्षण गोष्ट दिसली. घनता चौरस मीटरला सुमारे चार माणसांच्या वर गेली की गर्दी आपोआप वर्तुळाकार हेलकावे घेऊ लागते. शेकडो माणसे मिळून एक फेरा सुमारे १८ सेकंदांत पूर्ण करतात. त्यांना कोणी ढकलत नाही, कोणी ताल देत नाही. आणि गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला आपण एका फेऱ्याचा भाग आहोत याची जाणीवही नसते. जर्मनीतील डुइसबर्ग येथे २०१० साली ‘लव्ह परेड’ या संगीतोत्सवात २१ जण मृत्युमुखी पडले होते. तेथील जुन्या चित्रणातही अशाच प्रकारचे हेलकावे आढळले. म्हणजे विनाशापूर्वी गर्दी एक खूण देते, आणि ती खूण कॅमेऱ्याला दिसू शकते.

याआधी २००६ साली मक्केजवळच्या मिना येथे हज यात्रेत तीनशेहून अधिक यात्रेकरू मरण पावले, तेव्हा डर्क हेल्बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दिवशीच्या चित्रणाचे असेच विश्लेषण केले होते. सुरळीत चालणारी गर्दी प्रथम थांबत-चालत पुढे सरकू लागली, आणि नंतर तिच्यात खवळलेल्या पाण्यासारखी अनियमित गती निर्माण झाली. केवळ घनता पुरेशी सूचना देत नाही. घनता आणि वेगातील चढउतार यांचा गुणाकार धोक्याची अधिक विश्वासार्ह सूचना देतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. त्यानंतर मिना येथील पूल पाडून अनेक मजल्यांचा नवा पूल बांधला गेला आणि जाण्या-येण्याचे मार्ग वेगळे करण्यात आले. एखाद्या चित्रफितीचे गणित पुढे सिमेंट-काँक्रीटमध्ये उतरते, ते असे.

आता दाराकडे यावे. नरसाळ्यातून धान्य ओतताना दाणे एकमेकांत अडकून तोंडाशी कमान धरतात आणि भरलेल्या नरसाळ्यातूनही काही पडत नाही, हा अनुभव घराघरांतला आहे. दाराशी माणसेही अशीच कमान धरतात. पांप्लोनाच्या निबंधाचे एक सहलेखक इकेर सुरिगेल यांनी धान्याचे दाणे आणि दारातून जाणाऱ्या मेंढ्या या दोहोंच्या अडकण्याचा अभ्यास केलेला आहे, हा योगायोग नव्हे. हेल्बिंग, फार्काश आणि विचेक यांनी २००० साली दाखवून दिले की दाराशी प्रत्येकाने घाई केली, तर बाहेर पडण्याचा एकूण वेग वाढण्याऐवजी कमी होतो. जास्त जोर म्हणजे जास्त घर्षण, आणि जास्त घर्षण म्हणजे अधिक पक्की कमान.

साधा हिशेबही डोळे उघडणारा आहे. ब्रिटनमधील क्रीडांगण-सुरक्षेच्या मार्गदर्शिकेनुसार तिकीट तपासणाऱ्या एका फिरत्या फाटकातून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसे आत जाऊ शकतात, असे धरले जाते. ३५ हजार माणसे एका तासात आत घ्यायची तर अशी सुमारे ५३ फाटके अखंड चालू हवीत. वीसच असली तर अडीच तासांहून अधिक वेळ हवा. आणि येणारे दोन लाख असतील तर? पहिल्या ३५ हजारांनंतरच्या एक लाख पासष्ट हजारांसाठी कोणतेही फाटक, कितीही रुंद केले तरी, पुरे पडणार नाही, कारण फाटकापलीकडे जागाच नाही. त्यांचा प्रश्न दुपारी दाराशी सुटणारा नव्हताच. तो सकाळी, निमंत्रण पाठवण्याच्या क्षणी सोडवायला हवा होता.

येथे तंत्रज्ञानाची एक क्रूर विसंगती समोर येते. ‘या’ हा संदेश आज काही मिनिटांत लाखो हातांतल्या पडद्यांवर पोचतो. त्या दिवशी मिरवणूक आहे की नाही, प्रवेश विनामूल्य आहे की पास लागतो, याविषयी दिवसभर उलटसुलट संदेश फिरत राहिले, आणि प्रत्येक संदेशाने आणखी माणसे आणली. मेट्रोने ती काही मिनिटांच्या अंतराने आणून सोडली. अखेर विधानसौध आणि कब्बन पार्क या स्थानकांवर गाड्या थांबवणे बंद करावे लागले. परंतु ‘थांबा, पुढे माणसे गुदमरत आहेत’ हा संदेश गर्दीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत पन्नास मीटरही जाऊ शकला नाही. दाट गर्दीत मोबाइलचे जाळे कोलमडते, किंकाळी आणि जयघोष यांत फरक कळत नाही, आणि मागच्या माणसाला समोर फक्त डोकी दिसतात. पुढे सरकलेले प्रत्येक पाऊल त्याला दार उघडल्याची खूण वाटते. भिंतीच्या आत सत्काराचा सोहळा काही काळ चालू राहिला. बाहेरची बातमी आत पोचण्यासही वेळ लागतो, हे त्या भिंतीने दाखवले. जॉन फ्रुइन यांनी दुर्घटनेची चार कारणे सांगितली होती : बल, माहिती, अवकाश आणि काळ. बेंगळुरू हे देशाच्या माहिती तंत्रज्ञानाचे शहर मानले जाते. तेथे बलापूर्वी माहिती कमी पडली.

चिन्नास्वामी मैदान तंत्रज्ञानाला पारखे आहे, असे कोणी म्हणणार नाही. त्याच्या छतावर सौरपट्ट्या आहेत. २०१७ साली मैदानाच्या हिरवळीखाली पाणी शोषून घेणारी ‘सबएअर’ यंत्रणा बसवण्यात आली, आणि अशी यंत्रणा असलेले ते जगातले पहिले क्रिकेट मैदान ठरले. मिनिटाला सुमारे १० हजार लिटर पाणी ती ओढून घेऊ शकते. सामन्यात पायचीतचा निर्णय देताना अनेक कॅमेरे मिळून चेंडूचा मार्ग मिलिमीटरांत सांगतात. खेळपट्टीवर साचणाऱ्या पाण्याचा प्रवाह, हवेतल्या चेंडूचा प्रवास, पडद्यावरच्या प्रेक्षकाची आवड, हे सारे मोजले जाते. दाराबाहेरच्या चौरस मीटरवर किती माणसे उभी आहेत, ही यांतली सर्वांत सोपी मोजणी आहे. काय मोजायचे हे ठरवताना समाज काय मोलाचे मानतो हेही आपोआप सांगून जातो.

महाराष्ट्राला हे शहाणपण दुरून शिकण्याची गरज नाही. २५ जानेवारी २००५ रोजी सातारा जिल्ह्यातील मांढरदेवी येथे काळूबाईच्या यात्रेत सुमारे ३०० भाविक मरण पावले. अरुंद पायऱ्या, त्यांवर फोडलेल्या नारळांच्या पाण्याने झालेली निसरड, दुतर्फा दुकाने आणि त्यांत लागलेली आग. २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिकच्या सिंहस्थात रामकुंडाकडे जाणाऱ्या अरुंद वाटेवर ३९ जण गेले. २९ सप्टेंबर २०१७ रोजी मुंबईत तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पादचारी पुलावर २३ प्रवाशांचा मृत्यू झाला. पाऊस आला म्हणून पुलावरचे लोक आडोशाला थांबले, खाली उतरणारा प्रवाह अडला, आणि लोकल गाड्या मात्र नेमाने नवी माणसे पुलावर चढवत राहिल्या. निचरा बंद आणि नळ चालू. या तिन्ही ठिकाणी भाव वेगळे होते. कोठे भक्ती, कोठे कामावर जाण्याची घाई, आणि बेंगळुरूत आनंद. समीकरणाला भाव विचारात घ्यावा लागला नाही.

याउलट ४ जुलै २०२४ ची मुंबई आठवावी. टी-२० विश्वचषक जिंकून आलेल्या भारतीय संघाच्या स्वागतासाठी मरीन ड्राइव्हवर लाखोंचा समुदाय लोटला होता. काहींना त्रास झाला, रुग्णालयात न्यावे लागले. पण मृत्यू झाला नाही. गर्दीने दुभंगून रुग्णवाहिकेला वाट करून दिल्याचे दृश्य त्या रात्री देशाने पाहिले, आणि त्याचे श्रेय मुंबईकरांच्या समंजसपणाला मिळाले. ते श्रेय काढून घेण्याचे कारण नाही. मात्र वाट देण्यासाठी बाजूला सरकावे लागते, आणि बाजूला सरकण्यास जागा लागते. समुद्रालगतचा तो लांब, रुंद रस्ता अनेक ठिकाणी ती जागा देत होता, आणि तमाशा गर्दीसमोरून पुढे सरकत होता. बेंगळुरूत तमाशा एका भिंतीआड होता आणि तिकडे जाणारी वाट काही फाटकांतून होती. मुंबईकर सुजाण आणि बेंगळुरूकर बेशिस्त, असा निष्कर्ष काढणारा माणूस भूमितीला स्वभाव समजत असतो.

तरीही प्रत्येक दुर्घटनेनंतर ‘आपल्या लोकांना शिस्तच नाही’ हे वाक्य हमखास ऐकू येते. इंग्लंडमधील शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर १५ एप्रिल १९८९ रोजी झालेल्या चेंगराचेंगरीत अखेर ९७ प्रेक्षकांचा बळी गेला. तेव्हाही प्रेक्षकांना दारुडे आणि हुल्लडबाज ठरवण्यात आले होते. न्यायचौकशीतील पंचांनी २०१६ साली प्रेक्षक निर्दोष असल्याचे सांगितले, तोवर सत्तावीस वर्षे लोटली होती. शिस्तीचा मुद्दा सोयीचा असतो, कारण तो मृतांवर लादता येतो आणि मृत उत्तर देत नाहीत. चिन्नास्वामीच्या बाबतीत कोणाची जबाबदारी किती, हे ठरवण्याचे काम चौकशी आयोगाचे आणि न्यायालयांचे आहे. कर्नाटक सरकारने गर्दीच्या नियंत्रणासाठी विधेयकही मांडले. विज्ञान त्या निवाड्यात एवढीच साक्ष देऊ शकते की सहा-सात माणसांच्या घनतेत अडकलेल्या व्यक्तीकडून शिस्तीची अपेक्षा करणे म्हणजे पुरात वाहणाऱ्याकडून सरळ चालण्याची अपेक्षा करणे होय.

मग तंत्रज्ञान या प्रश्नाचे उत्तर देईल काय? अंशतः देईल. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान संस्थेतील आशिष वर्मा यांच्या गटाने २०१६ च्या उज्जैन सिंहस्थात गर्दीच्या हालचालींचे प्रत्यक्ष मोजमाप केले आहे. म्हणजे ज्ञान त्या शहरात होतेच. २०१५ च्या नाशिक कुंभमेळ्यात निलय कुलकर्णी या नाशिकच्या शाळकरी मुलाने सहकाऱ्यांसह ‘आशिओटो’ नावाची एक चटई तयार केली. तिच्यावरून जाणारे पाऊल विद्युतसंकेताने मोजले जाते. त्या चटयांनी १८ तासांत सुमारे ५ लाख माणसे मोजली. साधने इतकी स्वस्त आणि सोपी असू शकतात. पण २०२५ च्या प्रयागराज महाकुंभात हजारो कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता असूनही २९ जानेवारीच्या पहाटे किमान ३० भाविक मरण पावले. सोल शहरातील इतेवॉनच्या गल्लीत २९ ऑक्टोबर २०२२ च्या दुर्घटनेत १५९ जण गेले. तेथून धोक्याची सूचना देणारा पहिला दूरध्वनी पोलिसांना जवळजवळ चार तास आधी आला होता. मोजणारा डोळा आणि प्रवाह थांबवणारा हात यांच्यामध्ये निर्णय घेणारे कोणी तरी असावे लागते. धरणाची पातळी कळूनही दरवाजे चालवण्याचा अधिकार कोणालाच नसेल, तर पातळी मोजणारी पट्टी ही केवळ पुराची नोंदवही ठरते.

विद्यार्थ्यांसाठी काही गोष्टी व्यवहाराच्या आहेत. दोन्ही बाजूंच्या खांद्यांना एकाच वेळी स्पर्श होऊ लागला, हात सहज वर नेता येईनासा झाला, की घनता धोक्याच्या जवळ आली असे समजावे आणि तेव्हाच निघावे. नंतर निघता येत नाही. अडकल्यास मुष्टियोद्ध्याप्रमाणे दोन्ही हात छातीसमोर धरावेत, म्हणजे फुप्फुसांना थोडी जागा राहते. रेटा आला की त्याच्याविरुद्ध जोर लावू नये. तो ओसरला की तिरके-तिरके कडेकडे सरकावे. भिंत, कठडा आणि बंद दार यांच्यापासून दूर राहावे. पडलेली वस्तू उचलण्यासाठी वाकू नये. आणि मागे उभे असलेल्यांनी, पुढचे लोक सरकत नाहीत असे दिसताच, कारण न विचारता एक पाऊल मागे घ्यावे. दाराशी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाच्या बरगड्यांना त्या एका पावलाने श्वास मिळू शकतो.

२०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथे सिंहस्थाची मुख्य स्नाने आहेत. नदी तीच, घाट बहुतांशी तेच, आणि येणारी माणसे २००३ पेक्षा कितीतरी अधिक असतील. घाटाकडे जाणाऱ्या प्रत्येक वाटेची रुंदी आजच मोजता येते. त्या वाटेतून तासाला किती माणसे सुरक्षित जातील, हा आठवीच्या विद्यार्थ्यालाही जमणारा गुणाकार आहे. हा गुणाकार आधी करून तो फलकावर लिहिला गेला, आणि त्या संख्येला नळ बंद करण्याचा अधिकार दिला गेला, तर पुढच्या पिढीला ‘चेंगराचेंगरी’ या शब्दाचा अर्थ कोशातच शोधावा लागेल. एखादा अचूक शब्द वापरातून जावा अशी इच्छा भाषेवर प्रेम करणाऱ्याने क्वचितच करावी. हा त्यांपैकी एक शब्द आहे.